जलराशींचा हिशेब

प्रास्ताविक

समुद्राचे पाणी सर्वत्र सारखे नसते. त्यात होणारे बदल शास्त्रज्ञ संगणकावर कसे तपासतात, याची ओळख या पाठात करून घेऊ.

मूळ पाठ

जबलपूरमधील अधारताल हा तलाव राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखला जातो. याच परिसरात १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही येथील पेरणी ज्या पावसावर अवलंबून असते, त्याचे बाष्प समुद्रावरूनच येते. म्हणून पावसाचा अंदाज बांधताना समुद्रही जाणून घ्यावा लागतो.

जबलपूरजवळून वाहणारी नर्मदा अमरकंटक येथे उगम पावून अरबी समुद्रास मिळते. त्याच परिसरात उगम पावणाऱ्या शोण नदीचे पाणी मात्र गंगेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक. तेथील एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार असतात. उपसागरात मोठ्या नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी येते. त्यामुळे त्याच्या उत्तर भागात, पृष्ठभागावर, हे प्रमाण पावसाळ्यानंतर ३० ग्रॅमच्याही खाली उतरते. विशिष्ट तापमान व क्षारता असलेल्या पाण्याच्या अशा मोठ्या साठ्यास ‘जलराशी’ म्हणतात.

कमी खारट पाणी हलके असते. ते खालच्या जड पाण्यात सहज मिसळत नाही. परिणामी उष्णता वरच्या पातळ थरात साठते आणि पाऊस व चक्रीवादळे यांना बळ देते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’मध्ये वातावरण व समुद्र यांचे संयुक्त गणिती प्रतिमान वापरले. अशा प्रतिमानात समुद्राचे असंख्य कप्पे कल्पिलेले असतात. प्रत्येक कप्प्यास एकच तापमान व एकच क्षारता दिली जाते. दोन निराळी पाणी एका कप्प्यात आली, की त्यांची सरासरी होते. प्रत्यक्षात न झालेले मिश्रण कागदावर मात्र घडते!

ही चूक कशी ओळखावी? दुकानदार जमाखर्च मांडून शिल्लक ताडून पाहतो, तसेच येथे करतात. विशिष्ट क्षारतेचे पाणी महिन्याच्या आरंभी किती होते आणि अखेरीस किती उरले, हे मोजतात. प्रवाहाने आलेले-गेलेले पाणी, पाऊस व बाष्पीभवन यांचा परिणाम आणि प्रतिमानात मुद्दाम धरलेले मिश्रण वजा करतात. तरीही जो फरक उरतो, तो गणिताने निर्माण केलेला असतो.

कप्पे लहान केले व गणनपद्धती सुधारली, तर हा फरक घटतो. समुद्रात सोडलेले ‘आर्गो’ तरंगक सुमारे दहा दिवसांनी एकदा २००० मीटर खोलीपर्यंतची मोजमापे पाठवतात. त्यांच्याशीही उत्तर पडताळता येते. आपल्या हिशेबातील चूक किती, हे ज्याला ठाऊक असते, त्याच्याच अंदाजावर शेतकऱ्याने विसंबावे.

शब्दार्थ

क्षारता – पाण्यातील क्षारांचे प्रमाण
प्रतिमान – वास्तवाची गणिताने केलेली मांडणी
तरंगक – पाण्यात तरंगणारे मोजमापाचे यंत्र

स्वाध्याय

१. उपसागराचे पाणी अरबी समुद्राहून कमी खारट का असते?
२. प्रतिमानात खोटे मिश्रण कसे घडते?
३. जमाखर्चाचा दृष्टान्त आपल्या शब्दांत स्पष्ट करा.