घर लहान, पण माणुसकीचे

घराचा दर्जा केवळ चौरस फुटांवर ठरत नाही, हे ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या उदाहरणावरून आपण समजून घेऊ. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथील कामगार कोंदट खोल्यांत दाटीने राहत. नळ व शौचकूप सामाईक असत. १९२३ साली नगर प्रशासनाने गृहबांधणी कर बसविला. श्रीमंतांच्या प्रशस्त घरांवर त्याचा भार अधिक होता. या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९३० साली खुल्या झालेल्या ‘कार्ल मार्क्स होफ’ वसाहतीत १,३८२ घरे होती. घरे लहानच, पण घरात पाणी व शौचालय, बाहेर विस्तीर्ण अंगण, बालवाडी, धुलाईघर, वाचनालय. चांगले घर ही मेहेरबानी नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे, हा बोध आपण यातून घ्यावा.