पंक्तीत कोण राहिले?

(प्रौढ वर्ग व शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, २ करिंथ ८:१६-२१

मोठ्या पंगतीत ज्याने वाढप्याचे काम केले आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते. वाढपी कमी पडले म्हणून पान रिकामे राहते असे नेहमीच नसते. पुष्कळदा वाढपी फार झाले म्हणूनही राहते. भाताची पातेली घेतलेले तिघे दाराजवळच्या ओळीतच फिरत असतात, आणि पलीकडच्या टोकाला कोणीतरी गेलाच असेल असे प्रत्येकाला वाटते. टोकाला बसलेली म्हातारी मात्र मीठ-लिंबाकडे पाहत बसलेली असते.

वादळानंतरच्या मदतकार्यात अगदी हेच घडते. आपल्या वाचकांपैकी गोवा-कोकणाकडील मंडळींनी ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ ही वादळे अनुभवली आहेत. हैदराबादकडील वडीलधाऱ्यांना १९ नोव्हेंबर १९७७ चा दिवस आठवत असेल. त्या दिवशी कृष्णेच्या मुखाशी दिवी भागात समुद्र आत शिरला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. अशा वेळी प्रत्येक मंडळीत ‘आपण काय द्यावे?’ असा प्रश्न निघतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न यावयास पाहिजे तो सहसा येत नाही : ‘आपल्याबरोबर आणखी कोण देत आहे, आणि कोणाला काहीच मिळालेले नाही?’ ह्या दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास आपण ह्या पाठात करणार आहोत.

त्यासाठी उदाहरण अमेरिकेतले घेऊ, कारण हा प्रश्न तेथील ख्रिस्ती व इतर संस्थांनी स्वतःच्या चुकांवरून शिकून सोडविण्याचा प्रयत्न केला. तिकडे ज्याला ‘हरिकेन’ म्हणतात ते आपले चक्रीवादळच. समुद्र निराळा म्हणून नाव निराळे. १७ ऑगस्ट १९६९ च्या रात्री ‘कॅमिल’ नावाचे वादळ मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आले. पास क्रिश्चन ह्या गावी समुद्राचे पाणी २४ फुटांवर चढले. पुढे तेच वादळ जमिनीवरून शेकडो मैल जाऊन व्हर्जिनियाच्या डोंगरांत रात्रभर कोसळले आणि तेथे शंभराहून अधिक लोक पुरात गेले. एकंदर बळी अडीचशेच्या वर होते.

मदतीला लोक धावले. श्रीमंत देश, मोठ्या मंडळ्या, जुन्या संस्था. पण प्रत्येक संस्था आपापल्या वाटेने आली, आपापली यादी करून आपापल्या रीतीने वाटू लागली. काही गरजा दोनदोनदा भागल्या, काही तशाच राहिल्या. ज्याचे घर गेले त्याने आज येथे, उद्या तेथे अशा रांगा लावाव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आपली कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आली. गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना मदतीत मागे ठेवले गेले अशा तक्रारी झाल्या, आणि जानेवारी १९७० मध्ये बिलॉक्सी शहरात सिनेटच्या उपसमितीपुढे त्याविषयी साक्षी झाल्या.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडावा. यरुशलेमेतील मंडळी वाढत होती, दररोजची वाटणीही चालू होती, आणि कुरकुर उठली. कोणाची? ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची. त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. कोणी मुद्दाम केले असे शास्त्र म्हणत नाही. वाटणारे आपल्या ओळखीच्या, आपल्या भाषेच्या घरी प्रथम जात असावेत; माणसाचे पाय ओळखीच्या दाराकडेच वळतात. मराठीत ह्याला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच.

प्रेषितांनी ही कुरकुर दडपली नाही, ‘तुम्ही कृतघ्न आहात’ असेही म्हटले नाही. त्यांनी सात जण निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे वर्गात मोठ्याने वाचून पाहावी : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा पंक्तीत राहिल्या होत्या त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती मंडळीने वाढण्याची व्यवस्था दिली, असे ह्यावरून दिसते. शिक्षकांनी ह्या मुद्द्यावर घाई करू नये. मदत-समिती नेमताना ज्या वस्तीला मदत द्यावयाची त्या वस्तीचे माणूस समितीत आहे काय, हे आपण किती वेळा पाहतो?

अमेरिकेतही १९७० साली एकत्र बसल्या त्या सात संस्था होत्या. (आकडा जुळला हा योगायोग, त्यातून भविष्यवाणी काढू नये.) त्यांनी ‘नॅशनल व्हॉलंटरी ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्ह इन डिझास्टर’ नावाची संघटना उभी केली. सहकार्य, परस्परांस माहिती देणे, कामाचा मेळ घालणे आणि मिळून काम करणे, ही तिची सूत्रे. तिचे वैशिष्ट्य असे की ती स्वतः काहीच वाटत नाही. तिच्याकडे पातेले नाही, पळी नाही. वाटणाऱ्यांना शांत दिवसांत ओळख करून देणे आणि संकटात एका मेजाभोवती बसविणे एवढेच तिचे काम. पंगतीत एक तरी माणूस हातात भांडे न घेता उभा पाहिजे. ज्याच्या हातात भांडे असते त्याला आपलीच ओळ दिसते.

मेजाभोवती बसल्यावर कामे वाटली गेली, आणि ती वाटणी पाहण्यासारखी आहे. सदर्न बॅप्टिस्ट लोकांनी स्वयंपाक घेतला. १९६७ च्या ‘ब्यूला’ वादळात टेक्ससमध्ये त्यांनी लहान चुलींवर सुरुवात केली होती. पुढे त्यांची फिरती स्वयंपाकघरे दिवसाला हजारोंचे जेवण रांधू लागली. ॲडव्हेंटिस्टांनी गोदामे सांभाळण्याची विद्या हस्तगत केली : आलेला माल निवडणे, मोजणे, नोंदणे. मेनोनाइट लोक हातोडा-करवत घेऊन येतात आणि पडलेली घरे उभी करतात. चर्च ऑफ द ब्रदरन ह्या लहान पंथाने १९८० पासून मुले सांभाळण्याचे काम घेतले, म्हणजे आईबाप अर्जांच्या रांगेत उभे असताना मुलांजवळ कोणी असावे. आपल्यातल्या कोणाला हे सुचले असते काय?

बॅप्टिस्टांनी रांधलेले अन्न बहुधा रेडक्रॉसच्या गाड्यांतून गल्लोगल्ली जाते. जेवणाऱ्याला रेडक्रॉसचे चिन्ह दिसते. पहाटे तीनला उठून कोणी रांधले हे त्याला कळतही नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ वादळ आले, न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटून शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या महिन्यांत एक कोटीहून अधिक जेवणे अशा रीतीने पोहोचली. आपल्या मंडळीने भाकरी भाजाव्यात आणि त्या दुसऱ्याच्या फलकाखाली वाटल्या जाव्यात, हे आपल्या पंचायतीत मंजूर होईल काय? प्रामाणिकपणे चर्चा करावी. मला वाटते, बहुतेक ठिकाणी पहिले भांडण फलकावरूनच होईल.

अन्नवाटप काही आठवड्यांत संपते, घरे उभारण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. त्यासाठी तेथे एक पद्धत रुजली आहे, तिला ‘न भागलेल्या गरजांचे मेज’ म्हणता येईल. एक प्रशिक्षित सेवक कुटुंबाबरोबर बसून हिशेब करतो : विम्याचे किती मिळाले, सरकारकडून किती, कर्ज किती मिळू शकेल. हे सर्व जमेस धरून जे उरते तेवढेच तो मेजावर मांडतो, शक्यतो कुटुंबाचे नाव उघड न करता. समजा, एका विधवेच्या घराला छप्पर नाही. एक संस्था म्हणते, पत्रे व लाकूड आम्ही देतो. दुसरी म्हणते, दहा तरुण दोन आठवडे पाठवितो. तिसरी म्हणते, विजेच्या कामाची मजुरी आमच्याकडे. एकट्या संस्थेला न पेलणारे घर तिघींमध्ये पुरे होते, आणि त्या बाईला तीन दारी जावे लागत नाही.

आता पौलाकडे वळू. मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम पाठवावयाची होती. ती पौलाने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर आणखी एक बंधू दिला, आणि तो मंडळ्यांनी निवडलेला होता. एका मंडळीने नव्हे. कारणही त्याने लिहून ठेवले आहे : एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणास दोष लावता येऊ नये, आणि व्यवहार प्रभूच्या दृष्टीने तसा माणसांच्याही दृष्टीने चोख असावा. ‘देवाला सर्व ठाऊक आहे, हिशेब कशाला?’ असे म्हणणाऱ्या खजिनदारांनी हा भाग पुन्हा वाचावा.

आमच्याच मंडळीची एक गोष्ट सांगतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसात (आजचे ओडिशा) महावादळ आले, सुमारे दहा हजार लोक गेले. आम्ही कपडे गोळा केले. महिला मंडळाने तीन रात्री जागून ते निवडले. लोकरी कोट निघाले, फाटके पडदे निघाले, एका पायाचे बूट निघाले. निम्म्याहून अधिक माल टाकावा लागला. उरलेला पाठविण्याचे भाडे त्याच्या किमतीपेक्षा जास्त झाले. तेथे काय पाहिजे हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते. पुढे वाचनात आले की १९९८ साली ‘मिच’ वादळानंतर होंडुरासमध्ये दान आलेल्या कपड्यांचे गठ्ठे धावपट्टीवर पडून राहिल्याने मदतसामान आणणारे विमान उतरू शकले नाही, अशी हकिकत तेथील मदतकार्यातल्या अधिकाऱ्यांनी सांगितली आहे. आमचे गठ्ठे तेवढे मोठे नव्हते एवढेच.

ओडिशाने मात्र त्या दुःखातून धडा घेतला. १९९९ सालच्या अखेरीसच राज्याने आपत्तीच्या कामासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले त्याआधी सुमारे दहा लाख माणसे सुरक्षित जागी हलविली होती. मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. मेज वादळाआधी मांडलेले होते.

आपल्या मंडळीने काय करावे? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यासाठी प्राधिकरण आहे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. पाळकसाहेबांनी व दोघा वडिलांनी वादळ नसताना तेथे जाऊन यावे : आमच्याकडे सभागृह आहे, दोन परिचारिका आहेत, मोठी भांडी आहेत, वीस तरुण आहेत. जे खरेच आहे तेच सांगावे. गावात रोमन कॅथलिक मंडळी असेल, मशिदीची समिती असेल, गणेशोत्सव मंडळ असेल, त्यांनाही आधीच भेटावे. वादळाच्या दुसऱ्या दिवशी प्रथम भेटणाऱ्यांची भांडणे होतात. आधी चहा घेतलेल्यांची कमी होतात. प्रत्यक्ष काम सुरू झाले म्हणजे रोज ठराविक वेळी सर्वांची एक बैठक, भिंतीवर एकच मोठा कागद : गाव, कुटुंबे, कोण गेले, काय दिले, काय राहिले. ‘आम्ही काय केले’ हे सर्वजण आनंदाने सांगतात. अध्यक्षाने प्रथम ‘कोठे पोहोचता आले नाही’ हे विचारावे.

आणखी एक नाजूक गोष्ट. १९९४ साली रेडक्रॉस व मोठ्या मदतसंस्थांनी एक आचारसंहिता केली. ती पुरस्कृत करणाऱ्यांत वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिकांची कारितास हेही होते. मदत गरज पाहून द्यावी, जात-धर्म पाहून नव्हे, आणि मदतीचा उपयोग मत पसरविण्यासाठी करू नये, असे ती सांगते. काही बंधूंना हे खटकते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्या माणसाने जखमी वाटसरूला प्रथम काय विचारले, हे त्यांनी शोधून पाहावे.

वर्गासाठी : बारा वाट्या दारापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत मांडाव्यात, एखादी बाकाखाली ठेवावी. पाच मुलांना प्रत्येकी बारा शेंगदाणे द्यावेत आणि सांगावे की प्रत्येक वाटीत पाच दाणे पडले पाहिजेत, पण एकमेकांशी बोलावयाचे नाही. तीस अंक मोजेपर्यंत वेळ. मग वाट्या मोजून आकडे फळ्यावर लिहावेत. दुसऱ्या फेरीत सहाव्या मुलाला दाणे न देता कागद-पेन्सिल द्यावी, सर्वांना बोलू द्यावे, आणि आरंभ करण्यापूर्वी त्याला खोलीभर एक चक्कर मारू द्यावी. पुन्हा मोजावे. बाकाखालच्या वाटीचे दोन्ही फेऱ्यांतले आकडे शेजारीशेजारी लिहावेत, मग दाणे खाण्यास हरकत नाही.