ढेकूण, पाहुणा आणि कायदा

प्रस्तुत लेखाचे शीर्षक वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, तर तो दोष आपला नव्हे. ढेकूण हा प्राणीच असा आहे की, त्याचे नाव चारचौघांत उच्चारण्यास मनुष्य लाजतो. तथापि कायद्याच्या इतिहासात मोठी तत्त्वे प्रस्थापित होण्यास अनेकदा क्षुद्र जीवच निमित्त झाले आहेत. स्कॉटलंडमधील पेस्ली गावी १९२८ साली एका उपाहारगृहात पेयाच्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार एका स्त्रीने केली. आणि त्या तक्रारीवरून १९३२ साली ब्रिटनच्या लॉर्डांच्या सभागृहाने असे ठरविले की, माल तयार करणाराचे कर्तव्य केवळ विकत घेणारापुरते नसून, तो माल अखेरीस जो उपभोगील त्याच्याविषयीही असते. गोगलगाईने जे केले तेच कार्य पुढे अमेरिकेत ढेकणाने केले. त्याचीच हकीकत सांगून, सहलीच्या वा सुट्टीच्या मुक्कामी ढेकणांचा उपद्रव झालेल्या पाहुण्यास कायदा कोणते मार्ग मोकळे ठेवतो, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विचार आपणांस परका नाही. आमच्या गोव्यात अनेक कुटुंबे घरातील एकदोन खोल्या प्रवाशांस देऊन संसारास हातभार लावतात. आणि तीच कुटुंबे सुट्टीत महाबळेश्वरास वा म्हैसुरास गेली म्हणजे स्वतः पाहुणे होतात. म्हणून यजमान आणि पाहुणा या दोघांच्याही बाजूने हा विषय पाहणे अवश्य आहे.

प्राण्याची ओळख

ढेकूण पूर्ण वाढला म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा, चपटा व तांबूस-तपकिरी दिसतो. दिवसा तो गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भेगांत दडून बसतो; रात्री बाहेर पडून पाच-दहा मिनिटांत पोटभर रक्त शोषून पुन्हा अदृश्य होतो. अन्नावाचून तो कित्येक महिने तग धरू शकतो. त्याला पंख नाहीत. परंतु प्रवाशाच्या वळकटीत, पेटीत वा कपड्यांत शिरून तो हजारो मैलांचा प्रवास विनासायास करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवाऱ्याने अनेक देशांतून त्याचा जवळजवळ नायनाट झाला होता. परंतु त्या औषधाला दाद न देणारे ढेकूण लवकरच आढळू लागले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठमोठ्या शहरांतील उत्तम निवासगृहांतही त्याने पुनःप्रवेश केला.

ढेकूण मनुष्यास एखादा रोग देतो असे सिद्ध झालेले नाही. तरीपण त्याच्या दंशाने खाज सुटते, गांधी उठतात, झोप नाहीशी होते, खाजवून जखमा झाल्यास त्या चिघळतात, आणि कित्येकांना ॲलर्जीचा त्रास होतो. शिवाय तो पाहुण्याबरोबर त्याच्या घरी गेला, तर पुढील खर्चास सीमा राहत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ढेकूण हे अस्वच्छतेचेच लक्षण आहे, असे नाही. कालच्या प्रवाशाने आणलेला ढेकूण आज अत्यंत स्वच्छ खोलीतही निघू शकतो. म्हणून खोलीत ढेकूण सापडणे एवढ्यानेच यजमान अपराधी ठरत नाही. तो आहे हे कळल्यावर, किंवा सामान्य काळजी घेतली असती तर कळले असते अशा स्थितीत, काहीही न करणे हा खरा अपराध होय. या विषयातील सारा कायदा या एका भेदावर उभा आहे.

शिकागोचा खटला

सन २००० च्या नोव्हेंबर महिन्यात एक भाऊ व बहीण अमेरिकेतील शिकागो शहरी ‘मोटेल सिक्स’ नावाच्या साखळीतील निवासगृहात उतरले. रात्री दोघांनाही ढेकणांनी फोडून काढले. त्यांनी दावा लावला, आणि न्यायालयापुढे जी माहिती आली ती केवळ ढेकणांची नव्हती, माणसांच्या वर्तनाची होती.

१९९८ साली कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्या कंपनीस तेथील कित्येक खोल्यांत ढेकूण आढळले होते, आणि अवघ्या ५०० डॉलरांत सर्व खोल्या फवारून देण्याची तयारी तिने दाखविली होती. व्यवस्थापनाने ती नाकारली. पुढील वर्षी पुन्हा ढेकूण निघाले, तेव्हा तेवढी एकच खोली फवारून घेण्यात आली. २००० साली पाहुण्यांच्या तक्रारी वाढल्या, पैसे परत करावे लागू लागले. तेव्हा तेथील व्यवस्थापक बाईंनी, निवासगृह काही काळ बंद ठेवून सर्व खोल्या फवारून घ्याव्यात, अशी सूचना वरिष्ठांस केली. तीही फेटाळली गेली. एका पाहुण्यास तर तक्रारीवरून दुसऱ्या खोलीत हलविले, तेथेही कीटक. तिसऱ्या खोलीत नेले, तेथे अठरा मिनिटांत पुन्हा तेच! पाहुण्यांशी बोलताना ‘ढेकूण’ न म्हणता ‘गोचीड’ म्हणावे, अशी शिकवण नोकरांना दिलेली होती. आणि कळस असा की, ‘उपाययोजना होईपर्यंत भाड्याने देऊ नये’ अशी नोंद असलेली खोलीच या भावंडांना देण्यात आली. त्या रात्री १९१ खोल्यांपैकी १९० खोल्या भरलेल्या होत्या.

ज्यूरीने प्रत्येकास झालेल्या त्रासाबद्दल ५,००० डॉलर आणि दंडात्मक नुकसानभरपाई म्हणून १,८६,००० डॉलर मंजूर केले. या दोन रकमांची बेरीज करून पाहा : १,९१,००० डॉलर. म्हणजे निवासगृहातील दर खोलीमागे बरोबर एक हजार!

निवासगृहाच्या मालकांनी अपील केले. दंडाची रक्कम प्रत्यक्ष हानीच्या सदतीस पटींहून अधिक आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, असे प्रमाण सहसा एक अंकी असावे असे सांगितले होते. तरीही ऑक्टोबर २००३ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी ज्यूरीचा निर्णय कायम केला. त्यांची कारणमीमांसा मननीय आहे. पहिले कारण असे की, येथील इजा पैशात अल्प असली, तरी वर्तन अत्यंत निंद्य आहे, आणि मनुष्याच्या अपमानाचे मोल पावतीवरून ठरत नाही. दुसरे, ज्याचे दुष्कृत्य दर वेळी उघडकीस येत नाही, त्याच्याकडून पकडला गेल्यावर केवळ तेवढीच हानी वसूल केली, तर दुष्कृत्यच किफायतशीर ठरेल. तिसरे, भरपाई अगदी तुटपुंजी असेल, तर धनवान प्रतिवादीशी झगडण्यास सामान्य मनुष्य पुढेच येणार नाही. पाचशे डॉलर वाचविण्याच्या मोहाची किंमत अशा रीतीने पावणेचार लाखांहून अधिक झाली.

आपल्या देशातील मार्ग

आपल्याकडे ग्राहकाच्या रक्षणार्थ पहिला स्वतंत्र कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत भोजन व निवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तस्मात् पैसे देऊन सुट्टीसाठी खोली घेणारा पाहुणा हा ग्राहक होय, आणि ढेकणांनी भरलेले अंथरूण ही सेवेतील त्रुटी होय. त्याला पुढील मार्ग क्रमाने अनुसरता येतात.

१. प्रथम यजमानास लेखी कळवावे आणि खोली बदलून वा पैसे परत मागावेत. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. मात्र अल्पशी रक्कम हाती ठेवून ‘आता आमची काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितल्यास, ती विचारांती करावी.

२. खोली संगणकीय मध्यस्थामार्फत घेतली असेल, तर त्या मध्यस्थाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावयाची असते व एक महिन्यात निवारण करावयाचे असते.

३. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांस खुला आहे. तसेच गोव्यातील निवासगृहांची नोंदणी पर्यटन व्यवसायविषयक १९८२ च्या कायद्याखाली व्हावी लागते. म्हणून पर्यटन खात्याकडेही दाद मागता येते.

४. एवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. मोबदल्याची रक्कम पन्नास लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे या आयोगापुढे चालतात; पाच लाखांपर्यंत शुल्क नाही; वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. नव्या कायद्याने दिलेली मोठी सवलत ही की, तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील आयोगाकडेही ती दाखल होऊ शकते. म्हणजे महाबळेश्वरास त्रास झालेल्या फोंड्याच्या कुटुंबास साताऱ्यास खेपा घालाव्या लागत नाहीत. आयोग भाड्याची परतफेड, औषधोपचाराचा खर्च व मनस्तापाबद्दल भरपाई देववू शकतो. आणि वर्तन तसेच निंद्य असेल, तर दंडात्मक नुकसानभरपाईही देववू शकतो. शिकागोचे तत्त्व आपल्या कायद्यातही आहे, ते असे.

५. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावण्याचा जुना मार्गही आहेच. परंतु तो लांबचा व खर्चाचा आहे.

कोणी म्हणेल की, पावतीवर ‘गैरसोयीस आम्ही जबाबदार नाही’ असे छापलेले असले तर? दिल्लीतील एका हॉटेलच्या ताब्यात पाहुण्याने दिलेली मोटार १९९८ साली चोरीस गेली. त्या प्रकरणात हॉटेलच्या चिठ्ठीवर अशीच अट छापलेली होती. परंतु स्वतःच्या वा नोकरांच्या हयगयीबद्दलची जबाबदारी अशा छापील अटीने झटकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. हे तत्त्व अंथरुणासही लागू करण्यास आम्हांस अडचण दिसत नाही.

पुराव्याचे महत्त्व

न्याय हा पुराव्याच्या काठीने चालतो. अंगावरील गांधी पाहून त्या ढेकणाच्याच, असे वैद्यही निश्चयाने सांगू शकत नाही. कित्येकांच्या अंगावर तर त्या काही दिवसांनी उठतात. म्हणून ढेकूण सापडताच एक-दोन लहान बाटलीत ठेवावेत. गादीच्या शिवणी, चादरीवरील काळे डाग व ढेकणांच्या काती यांची छायाचित्रे घ्यावीत. तारीख-वेळ टिपून ठेवावी. भाड्याची पावती, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, औषधांची व धुलाईची बिले जपून ठेवावीत. घरी परतल्यावर कपडे कढत पाण्यात धुवावेत आणि पेटी घरात नेण्यापूर्वी तपासावी. आपली हानी वाढू न देणे हेदेखील तक्रारदाराचे कर्तव्यच आहे.

यजमानाचा धर्म

आता दुसरी बाजू. पंचतंत्रात राजाच्या शय्येत राहणारी मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि तिच्याकडे पाहुणा म्हणून आलेला अग्निमुख नावाचा ढेकूण यांची गोष्ट आहे. उतावीळ ढेकूण अवेळी राजास चावला आणि चटकन् निसटला. सेवकांनी शय्या शोधली तेव्हा सापडली ती ऊ, आणि प्राणास मुकली. कायद्याचा न्यायही थोडासा असाच आहे. चावतो ढेकूण, पण जाब विचारला जातो तो त्याला थारा देणाराला. न्यायालय ढेकणास समन्स काढू शकत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी प्रवासी उतरतात, त्यांनी प्रत्येक पाहुणा गेल्यावर गाद्यांच्या शिवणी व खाटेचे सांधे पाहावेत, शंका येताच ती खोली बंद ठेवावी, जाणत्या माणसाकडून फवारणी करून घ्यावी व तिची पावती ठेवावी. तक्रार आल्यास ती लपवू नये. एका दिवसाचे भाडे बुडेल. परंतु आपण काळजी घेतली, याचा पुरावा हाती राहील. तद्वतच पाहुण्यानेही भाडे चुकविण्यासाठी खोटा कांगावा करू नये. एका खोट्या तक्रारीने एखाद्या विधवेच्या घरचा चरितार्थ बुडू शकतो.

सारांश, शिकागोच्या निवासगृहास शिक्षा झाली ती ढेकूण होते म्हणून नव्हे, तर ते आहेत हे ठाऊक असता ढेकणास गोचीड म्हणून पाहुण्यास अंधारात ठेवले म्हणून. ज्याने आपल्या भरवशावर डोळे मिटले, त्याच्याशी प्रामाणिक राहणे एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. आणि ती कायदा नसता तरी सज्जनाने पाळलीच असती.

विचारार्थ प्रश्न

१. खोलीत ढेकूण सापडणे आणि यजमान दोषी असणे यांत भेद कोणता?
२. न्यायाधीश पोझ्नर यांच्या तीन कारणांपैकी आपणांस सर्वांत पटलेले कोणते? का?
३. आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्याने ढेकणाची तक्रार केली, अशी कल्पना करून त्याला द्यावयाचे उत्तर दहा ओळींत लिहा.