नकाराधिकार व गोमंतकाचा प्रश्न

कुकडीकांठच्या आपल्या ओझर गांवांतील विघ्नेश्वराच्या देवळाचें सोनेरी शिखर आमच्या विद्यार्थ्यांनीं कितीदां तरी पाहिलें असेल. १७३९ सालीं पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतल्यावर चिमाजी आप्पांनीं या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्यानें मढविलें, असें सांगतात. वसई गेली, परंतु १५१० सालीं घेतलेलें गोवें त्यानंतरहि दोनशें वर्षांहून अधिक काळ पोर्तुगिजांच्याच हातीं राहिलें. तें १९६१ सालीं सुटलें, आणि सुटतां सुटतां जगाच्या पंचायतींत एका मताला केवढें वजन असूं शकतें हें सर्वांना दिसलें.

यंदा वर्गांत संयुक्त राष्ट्रसंघाचा पाठ चालू असतां एका मुलानें विचारिलें, "सर, चौदा जण हो म्हणतात आणि एक जण नको म्हणतो, तेवढ्यावरून चौदांचें मत वाया जातें, हा न्याय कसला?" प्रश्न रास्त होता. मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. फळ्यावर '१८ डिसेंबर १९६१' एवढेंच लिहिलें.

आधीं शब्दाविषयीं थोडें. 'व्हेटो' हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ 'मी मना करितों' असा आहे. प्राचीन रोमांत सामान्य प्रजेचे कैवारी म्हणून जे ट्रिब्यून निवडले जात, त्यांना वरिष्ठांचा हुकूम अडवून धरितां येत असे. म्हणजे मुळांत हें दुबळ्याचें हत्यार. पोलंडांत मात्र विधिमंडळांतील कोणाहि एका सभासदाला मना करून सगळें अधिवेशन मोडण्याची मुभा होती. १७९१ सालीं ती रीत त्या लोकांनीं बंद केली, पण फार उशीर झाला होता. १७९५ पर्यंत तीन शेजाऱ्यांनीं तें राज्य वांटून घेतलें.

राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेंत 'व्हेटो' हा शब्द कोठेंहि नाहीं. सत्ताविसाव्या कलमांत इतकेंच आहे कीं, कामकाजाच्या रीतीखेरीज इतर ठरावांना कायम सभासदांची संमति लागेल. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व चीन हे ते पांच. लहान राष्ट्रांनीं, विशेषतः ऑस्ट्रेलियानें, सॅन फ्रान्सिस्को येथें पुष्कळ तक्रार केली. तथापि या अटीवांचून बडीं राष्ट्रें येण्यास तयार नव्हतीं. एक गोष्ट मात्र विसरूं नये. पूर्वींच्या राष्ट्रसंघांत बहुतेक महत्त्वाच्या निर्णयांस सर्वांचेंच एकमत लागे. त्या मानानें सर्वांचा अधिकार पांचांवर आला, हा संकोचच म्हणावयाचा.

आतां ती तारीख. १९४७ नंतरहि पोर्तुगाल गोवें सोडीना. १९५५ च्या मे महिन्यांत सेनापति बापट व ना. ग. गोरे सत्याग्रही घेऊन गोव्यांत शिरले. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यांत आल्या व अनेक जण प्राणांस मुकले. अखेर १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सेनेनें सीमा ओलांडली. पोर्तुगालनें सुरक्षा परिषदेकडे धांव घेतली व १८ तारखेसच परिषद भरली.

परिषदेंत तेव्हां ११ सभासद असत (१५ ही संख्या १९६५ पासूनची) आणि ठरावास ७ मतें पुरत. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनीं ठराव मांडला कीं, लढाई थांबावी व भारतानें सैन्य मागें घ्यावें. त्यास बरोबर ७ मतें पडलीं. विरुद्ध ४: सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक व रशिया. पहिल्या तिघांच्या नकारानें कांहींच अडलें नसतें. रशियाच्या नकारानें ठराव पडला. दुसऱ्या दिवशीं पोर्तुगीज गव्हर्नर जनरलानें शरणागति पत्करिली.

मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मलाहि आनंद वाटला, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. पण मग मीं दुसऱ्या तारखा लिहिल्या. १९५६ सालीं सुएझच्या प्रकरणांत ब्रिटन व फ्रान्स स्वतःच आरोपीच्या जागीं होते, आणि त्यांनींच नकार देऊन परिषदेचें तोंड बंद केलें. २५ ऑगस्ट १९७२ रोजीं नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बांगला देशाचा प्रवेश चीननें अडविला; त्या देशाला १९७४ पर्यंत दाराबाहेर थांबावें लागलें. २५ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवरील स्वारीविषयींचा ठराव ११ मतें पडूनहि रशियाच्या एका मतानें पडला. भारत त्या वेळीं तटस्थ होता. आतां टाळ्या नव्हत्या.

ज्यानें प्रश्न विचारिला होता तोच म्हणाला, "म्हणजे आपल्या बाजूनें पडला तर चांगला, नाहीं तर वाईट!" त्यास मीं असें सांगितलें: नकारानें ठराव अडतो, खरेंखोटें ठरत नाहीं. बळाचा उपयोग सनदेला मान्य नाहीं, हें पाश्चात्त्यांचें म्हणणें. वसाहत हा पोर्तुगालचा प्रदेशच नव्हे, हें भारताचें. या वादाचा निवाडा त्या मतानें केला नाहीं. पोर्तुगालनें भारताचें स्वामित्व मान्य केलें तें १९७४ सालीं, तेथील हुकूमशाही कोसळल्यावर. गोव्याची बाजू न्यायाची होती असें मी मानतों, पण तें रशियानें हात वर केला म्हणून नव्हे; पोर्तुगिजांस तेथील लोकांनीं निवडलें नव्हतें म्हणून.

तास संपतां संपतां एका मुलीनें विचारिलें, "सर, भारत कायम सभासद झाला तर आपण हा अधिकार घ्यावा का?" २००५ सालीं भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांनीं जो मसुदा मांडला, त्यांत नव्या कायम सभासदांनीं पंधरा वर्षांनंतरच्या फेरविचारापर्यंत तो वापरूं नये असें होतें, इतकें मीं सांगितलें व उत्तर वहींत लिहून आणावयास लाविलें. एका वहींत होतें: "घ्यावा, पण नको म्हणणाऱ्यानें सर्वांसमोर उभें राहून कारण सांगावें." २०२२ च्या एप्रिलपासून जवळजवळ तशीच रीत पडली आहे, कोणी नकार दिल्यास दहा कामाच्या दिवसांत आमसभा भरून त्यावर चर्चा होते. त्या मुलीला हें ठाऊक नव्हतें. वही मीं तशीच जपून ठेविली आहे.