घाटावरचा समुद्र

नकाशावर साताऱ्यापासून पश्चिमेकडे सरळ रेषा ओढा. शंभर किलोमीटरांच्या आतच अरबी समुद्र लागेल. सांगलीहूनही तो फार दूर नाही. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. म्हणून घाटावरच्या एखाद्या शाळेला समुद्रातले मासे पाळायचे असतील, तर समुद्राचे पाणी शाळेतच तयार करावे लागते. ते कसे करावे आणि त्यात पहिला मासा केव्हा सोडावा, ते पाहू.

मीठ घातले की समुद्र होतो का?

समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के भाग क्लोराइड व सोडियम यांचा असतो. उरलेल्यात मुख्यतः सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम असतात. स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. त्याने पाणी खारट होईल, पण समुद्राचे होणार नाही. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे क्षारमिश्रण वापरावे. ५० लिटर पाण्याला ५० × ३५ = १७५० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलो मिश्रण हा ढोबळ हिशेब झाला. नेमकी खात्री हायड्रोमीटरने करावी. सापेक्ष घनता सुमारे १.०२५ यावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी क्षार मिसळण्यापूर्वी त्यात एक दिवस हवा सोडावी. विहिरीचे पाणी घ्यायचे असेल, तर त्यातील नायट्रेट आधी तपासावे. तयार पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे.

नितळ पाण्यातील विष

आता पेटीतले पाणी काचेसारखे नितळ दिसते. मासे आणून सोडावेत असा मोह होतो. परंतु अशा घाईत सोडलेले मासे थोड्याच दिवसांत मरू शकतात. असे का होते?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. अथांग समुद्रात तो विरून जातो. ५० लिटरांच्या पेटीत मात्र साचतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. यांपैकी मुक्त अमोनिया फार विषारी आहे. सामू ७.२ वरून ८.२ वर गेला, की मुक्त अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दसपट होते. म्हणूनच खाऱ्या पेटीत हा धोका अधिक. हे विष डोळ्यांना दिसत नाही. ते चाचणीनेच कळते.

उसाच्या मळ्यातले कामकरी

हा अमोनिया संपवणारे कामकरी तुमच्या गावच्या उसाच्या मळ्यातही आहेत. उसाला घातलेल्या युरियापासून मातीत अमोनिया होतो. एका गटाचे सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पिकाची मुळे शोषतात; उरलेले पाण्याबरोबर विहिरीत झिरपते. ही क्रिया जिवाणू करतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. खाऱ्या पाण्यातही याच प्रकारचे सूक्ष्मजीव वाळूवर, दगडांवर व गाळणीत वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्तीच नसते.

ती वाढवायची कशी? मासा न सोडता सूक्ष्मजीवांना अन्न द्यावे. प्रयोगशाळेतील शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, ०.३ ग्रॅम घेऊन ५० लिटर पाण्यात विरघळवा. अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होईल. जुन्या, निरोगी खाऱ्या पेटीतील मूठभर वाळू मिळाली तर तीही घाला. हवा चालू ठेवा, कारण या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन लागतो. दर दोन दिवसांनी चाचणी घेऊन आलेख काढा. आधी अमोनिया उतरेल व नायट्राइट चढेल. मग नायट्राइट उतरेल व नायट्रेट चढेल. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा तेवढाच नवसागर घातल्यावर २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की पेटी तयार झाली. साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी थोडे पाणी बदला आणि मग एकच मासा सोडा. मासे एकदम वाढवले, तर कामकरी पुन्हा अपुरे पडतील.

पाणी जाते, क्षार राहतात

उन्हाळ्यात ५० लिटरांतले ५ लिटर पाणी उडून गेले असे समजा. क्षार मात्र तेवढेच राहिले: १७५० ÷ ४५ = ३८.९. म्हणजे खारेपणा लिटरला ३५ ग्रॅमवरून जवळजवळ ३९ ग्रॅमवर गेला! म्हणून घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढावे. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील क्षारपड जमिनी आठवा. पाण्याचा निचरा नीट न झाल्याने तेथेही पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

विचार करा

१. घटलेले पाणी खाऱ्या पाण्याने भरून काढत राहिलो, तर काय होईल?
२. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या पेटीत सामू कोणत्या दिशेने सरकेल?
३. रात्रभर वीज गेली, तर मासे आणि सूक्ष्मजीव या दोघांनाही कशाची उणीव भासेल?