‘दॅट’च्या आधीचे नाम

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले, की चार-पाच किलोमीटरवर नागरा हे गाव लागते. तेथील जुने दगडी शिवमंदिर पाहायला पुष्कळ लोक जातात. देऊळ केव्हाचे, असे कोणालाही विचारा. “हेमाडपंती आहे” हे उत्तर ठरलेले. थोडे खोदून विचारले, तर एखादा पुढे सांगतो, “हेमाडपंताने बांधले, असे म्हणतात.”

आता हे शेवटचे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितले, तर नववीतला विद्यार्थी फारसा अडणार नाही. “इट इज सेड दॅट हेमाडपंत बिल्ट धिस टेंपल” असे तो लिहील आणि ते बरोबरही असेल. (इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत उतरवून घ्यावीत, म्हणजे स्पेलिंगचाही सराव होईल.) पण वाक्य जरा बदलून पाहा: “हेमाडपंताने हे देऊळ बांधले हा समज जुना आहे.” येथे मात्र पेन्सिल थांबते. सुरुवात ‘हेमाडपंत’ने करायची की ‘समज’ने? आणि ‘हा’चे काय करायचे?

अडचण कोठे आहे ते पाहू या. मराठीत आपण आधी सगळी हकिगत सांगतो आणि मग तिच्यावर नाव लिहितो. हेमाडपंताने देऊळ बांधले, ही हकिगत; ‘हा समज’ हे तिचे नाव. इंग्रजी भाषा नाव आधी लिहिते, मग ‘दॅट’ म्हणते आणि मग हकिगत सांगते: “द बिलीफ दॅट हेमाडपंत बिल्ट धिस टेंपल इज ओल्ड.” मराठीत डब्यात जिन्नस भरून मग चिठ्ठी डकवतात, इंग्रजीत चिठ्ठी आधी डकवतात.

तसे पाहिले तर चिठ्ठी आधी लावण्याची रीत आपल्याला परकी नाही. “अफवा अशी आहे, की धरण फुटले,” असे आपण रोज बोलतो. नागऱ्याच्या परिसरात तर मराठीच्या जोडीला हिंदी आणि पोवारीही कानांवर पडते; हिंदीत “यह खबर कि गाड़ी देर से आएगी” असे सहज म्हटले जाते. ही रचना आणि इंग्रजीची “द न्यूज दॅट द ट्रेन विल बी लेट” ही रचना अगदी एका साच्यातली आहे. तेव्हा गोंदियाकडच्या मुलांना ही गोष्ट पुण्याच्या मुलांपेक्षा लवकर उमगायला हरकत नाही! आणखी मागे गेलात, तर पेशवेकाळातल्या पत्रांत “विज्ञापना ऐसीजे” असे शब्द वारंवार आढळतात. विज्ञापना म्हणजे विनंती. ‘विनंती अशी, की’ असाच त्याचा अर्थ. यातला ‘जे’ म्हणजे आजचा ‘की’. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात ‘म्हणून, म्हणजे, की, जे’ ही स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये म्हणून तुम्ही पाठ केली असतील. त्यांतला ‘जे’ कोठे वापरतात, असा प्रश्न पडला असेल, तर त्याचे उत्तर या जुन्या पत्रांत आहे.

आता एक फसवी जागा. पुढील दोन शब्दसमूह पाहा. “द न्यूज दॅट ही ब्रॉट” आणि “द न्यूज दॅट ही हॅड पास्ड.” दिसायला जुळी भावंडे, पण अर्थाने अगदी निराळी. पहिल्याचा अर्थ ‘त्याने आणलेली बातमी’. ती कोणती, हे आपल्याला कळलेले नाही. दुसऱ्याचा अर्थ ‘तो पास झाला ही बातमी’. येथे बातमीच सांगून टाकली आहे. पहिल्यातले उपवाक्य बातमीचे विशेषण आहे. दुसऱ्यातले उपवाक्य म्हणजे बातमी स्वतः.

ओळखायचे कसे? ‘दॅट’वर बोट ठेवा आणि फक्त पुढचे शब्द वाचा. “ही हॅड पास्ड” हे वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहते. “ही ब्रॉट” मात्र लंगडते, ‘काय आणले?’ असा प्रश्न उरतोच. दुसरी कसोटी अशी, की पहिल्या शब्दसमूहात ‘दॅट’ काढून ‘व्हिच’ घालता येतो, दुसऱ्यात येत नाही. तिसरी कसोटी मला सर्वांत आवडते: नाम आणि उपवाक्य यांच्यामध्ये ‘इज’ घालून पाहा. “द न्यूज इज दॅट ही हॅड पास्ड” हे चालते, कारण बातमी आणि हकिगत एकच आहेत. “द न्यूज इज दॅट ही ब्रॉट” याला काही अर्थच नाही. मराठीत हा घोळ होत नाही. पहिल्यासाठी आपल्याकडे ‘जी… ती’ किंवा ‘आणलेली’ आहे आणि दुसऱ्यासाठी ‘ही’ किंवा ‘अशी’. इंग्रजीत एकटा ‘दॅट’ दोन्ही कामे करतो. म्हणून भाषांतर करताना आधी मराठी वाक्य मनाशी नीट जुळवावे, हे बरे.

आपला प्रकार दुसरा. त्यासाठी कोणतेही नाम चालत नाही. टेबल, बैल, नदी यांच्या पोटात हकिगत मावत नाही. ज्या नामात काही सांगितलेले, मानलेले, कळलेले किंवा संभवणारे असते, तेच चालते: फॅक्ट, न्यूज, रूमर, क्लेम, बिलीफ, होप, फिअर, आयडिया, प्रॉमिस, पॉसिबिलिटी, एव्हिडन्स, प्रूफ, डिस्कव्हरी. यांतल्या पुष्कळांचे क्रियापद किंवा विशेषण तुमच्या ओळखीचे आहे. “आय होप दॅट…” वरून “द होप दॅट…”. “इट इज पॉसिबल दॅट…” वरून “द पॉसिबिलिटी दॅट…”. ‘क्वेश्चन’ मात्र ‘दॅट’शी सहसा जमवून घेत नाही; त्याच्या अंगी अनिश्चितपणा असल्यामुळे त्याला ‘व्हेदर’ लागतो.

दोन चुका वह्यांत हटकून सापडतात. एक, “द फॅक्ट ऑफ दॅट ही वॉज इल.” नामानंतर ‘ऑफ’ घालण्याची इतकी सवय झालेली असते, की तो आपोआप येतो. येथे तो नको. “द फॅक्ट दॅट ही वॉज इल” एवढेच. उलट ‘इन स्पाइट ऑफ’च्या पुढे एकदम ‘दॅट’ बसत नाही, मध्ये ‘द फॅक्ट’ हा पाट टाकावा लागतो: “इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट इट वॉज रेनिंग.” तसे ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ एवढ्याने काम भागते, आणि निबंधात तेच अधिक शोभते. दुसरी चूक ‘दॅट’ गाळण्याची. ‘आय थिंक’च्या पुढे तो गाळला तरी चालतो, पण नामानंतर तो लिहिण्यात ठेवलेला बरा. बोलताना इंग्रज माणूसही “द फॅक्ट ही वॉज इल” म्हणून जातो, हे खरे. आपण त्याची घाई उसनी घेण्याचे कारण नाही.

येथपर्यंत झाले व्याकरण. विज्ञानाच्या मासिकात त्याला जागा का द्यायची, तर चिठ्ठीसाठी. हकिगत तीच ठेवून नुसती चिठ्ठी बदलली, की वाक्य कोठल्या कोठे जाते, याचे एक खरे उदाहरण घेऊ या. मलेरियाला आपल्याकडे हिवताप म्हणतात. जंगल आणि भातखाचरे असलेल्या या भागाला त्याची चांगली ओळख आहे. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन भाषेतून आला. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेने हा ताप येतो, असे शतकानुशतके मानले जाई. म्हणजे “द बिलीफ दॅट बॅड एअर कॉजेस मलेरिया.” १८८० साली लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरला अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म जंतू दिसला. पण तो रक्तात शिरतो कसा? १८९४ मध्ये पॅट्रिक मॅन्सनने रोनाल्ड रॉसला सुचविले, की यात डासाचा हात असावा. ही झाली “द आयडिया दॅट मॉस्किटोज कॅरी मलेरिया.” आयडिया म्हणजे कल्पना, तेवढेच. मौज अशी, की ती अर्धीच बरोबर होती. मेलेले डास पाण्यात पडतात आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, असे मॅन्सनला वाटे!

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रॉसला एका डासाच्या जठराच्या भिंतीत या जंतूच्या वाढीच्या खुणा सापडल्या. आता ‘आयडिया’ची चिठ्ठी काढून ‘एव्हिडन्स’ची लावता येत होती. पण अजून ‘प्रूफ’ नव्हे. डास चावल्यानेच रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे कोठे दिसले होते? ते रॉसने १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग करून दाखवले, आणि त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीतही दाखवून दिले. रॉसला १९०२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण निःशंकपणे “द फॅक्ट दॅट मॉस्किटोज कॅरी मलेरिया” असे लिहितो. ‘दॅट’च्या पुढचे तीन शब्द १८९४ पासून जसेच्या तसे आहेत. बदलले ते मागचे एक नाम. ते बदलण्यासाठी किती डास चिरावे लागले, हे रॉसच्या वहीलाच ठाऊक.

मराठीत ही चिठ्ठी नामाबरोबरच आणखी एका लहान शब्दातही असते. “गाडी रद्द झाली ही बातमी ऐकून सगळे परतले” आणि “गाडी रद्द झाली अशी बातमी आहे.” ‘ही’ म्हणणारा ती बातमी सर्वांना ठाऊक आहे असे धरून चालतो, ‘अशी’ म्हणणारा ती नव्याने पुढे ठेवतो आणि स्वतः दोन पावले मागे राहतो. इंग्रजीत हे काम बरेचसे ‘द’ आणि ‘अ’ करतात: “द रूमर दॅट…” म्हणजे आपण सगळ्यांनी ऐकलेली ती अफवा, “अ रूमर दॅट…” म्हणजे कोणती तरी एक. मात्र ‘न्यूज’ला ‘अ’ लावू नका. ते नाम मोजता येत नाही. आणि ‘हा’ आला म्हणून हकिगत खरी ठरली, असेही समजू नका. ‘हा आरोप’, ‘हा गैरसमज’ असेही आपण म्हणतोच. खरेखोटेपणाचा भार नामावर असतो, ‘हा’वर नाही. ‘फॅक्ट’चा प्रकार मात्र निराळा. “द फॅक्ट दॅट” असे लिहिणारा त्या हकिगतीला स्वतः जामीन राहतो. म्हणूनच फोनवर येणारा एखादा निरोप “हे सिद्ध झाले आहे, की…” अशी सुरुवात करतो, तेव्हा तेथे ‘दावा’ हा शब्द घालून तो पुन्हा वाचून पाहावा.

आता नागऱ्याच्या देवळाकडे परत येऊ. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही पुष्कळजण हेमाडपंती म्हणतात. पण तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचा! तेव्हा ‘हेमाडपंती’ हे नाव बांधणीच्या एका पद्धतीला लोकांनी दिलेले आहे. ते ऐकून देऊळ हेमाडपंतानेच उभारले, असे होत नाही.

पुढील वाक्ये वहीत लिहा आणि रिकाम्या जागी फॅक्ट, बिलीफ, क्लेम, एव्हिडन्स, पॉसिबिलिटी यांपैकी योग्य ते नाम घाला. “द … दॅट हेमाडपंत बिल्ट द अंबरनाथ टेंपल इज राँग.” “द इन्स्क्रिप्शन इज … दॅट द टेंपल इज ओल्डर दॅन हेमाडपंत.” “द … दॅट हेमाडपंत बिल्ट द नागरा टेंपल…” हे तिसरे वाक्य मुद्दामच अर्धे ठेवले आहे. ते पुरे करण्यापूर्वी, जवळपास राहणाऱ्यांनी एखाद्या रविवारी देवळात जाऊन यावे, खांब, दगडांचे सांधे, मूर्ती नीट पाहाव्यात, कोठे अक्षरे कोरलेली आहेत का ते शोधावे, आणि मगच पेन्सिल उचलावी.