गर्भाशयमुखाचा कर्करोग : तपासणीचे महत्त्व

आपल्या घरातील स्त्री सर्वांच्या दुखण्याची चौकशी करते. स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढते. अंगावरून पांढरे जाणे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे या गोष्टी ती नवऱ्यालाही सांगत नाही. या मौनात वाढणारा रोग म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. खेड्यात यालाच पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. विद्यार्थी व सभासद बंधुभगिनींना त्याची शास्त्रीय माहिती व्हावी, म्हणून हा लेखप्रपंच.

रोगाचे कारण : हा रोग दैवाने किंवा करणीने होत नाही. एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो व बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये मात्र तो टिकून राहतो आणि साधारण 15 ते 20 वर्षांनी कर्करोग होतो. विषाणू आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. तसेच तो स्त्रीच्या चारित्र्यावरील डागही नव्हे.

तपासणीच्या पद्धती : तपासण्या मुख्यतः तीन आहेत. पॅप तपासणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसऱ्या पद्धतीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. विकृत भाग पांढरा दिसतो. तिसरी तपासणी खुद्द विषाणूची.

या तिन्हींची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झाली. 1999 साली उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल व जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी हे काम हाती घेतले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 ग्रामीण स्त्रियांचे चार गट पाडले. तीन गटांत एकेक तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा व माहिती देण्यात आली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. विषाणू तपासणीच्या गटात 34,126 स्त्रिया होत्या. त्यांपैकी 34 या रोगाने दगावल्या. चौथ्या गटात 31,488 स्त्रिया होत्या. तेथे 64 दगावल्या. म्हणजे गट मोठा असूनही मृत्यू जवळजवळ निम्मे, आणि तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने. अन्य दोन तपासण्यांच्या गटांत मृत्यूंत अशी ठळक घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला व तो रास्तच आहे. त्या 64 भगिनींचे ऋण आपण मानले पाहिजे. हे ज्ञान वापरले नाही, तर ते ऋण फिटणार नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीला दवाखान्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. वारंवार जाणे तिला परवडत नाही. म्हणून विषाणू तपासणी महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण स्त्रीने तिशीनंतर ही तपासणी दर 5 ते 10 वर्षांनी केली तरी चालते. नमुनाही स्त्री स्वतः घेऊ शकते. जेथे ही सोय नाही, तेथे आम्लाची तपासणी तरी करून घ्यावी. कर्करोगापूर्वीची विकृती आढळल्यास तो भाग गोठवून नष्ट करता येतो. बहुधा दवाखान्यात राहावेही लागत नाही.

9 ते 14 वयाच्या मुलींसाठी प्रतिबंधक लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2023 पासून देशी लसही बाजारात आणली. मात्र लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच.

सुशिक्षित तरुणांनी हे ज्ञान घरापासून सांगावयास सुरुवात करावी. आई, आत्या, मावशी, वहिनी यांच्यापैकी कोणाची तपासणी झाली आहे, हे विचारावे. पुरुषांनी लाज बाजूस सारून पत्नीसोबत दवाखान्यात जावे. महिला मंडळांनी पाच-दहा जणींचा गट करून न्यावा. एकटीला वाटणारी भीती दहा जणींत उरत नाही. त्रास नसतानाच तपासणी करावयाची असते, एवढी एक गोष्ट प्रत्येक घरी पोहोचली तरी अनेक माता वाचतील.